यारी रोडवरचे आक्प्ले: केटाच्या वाळूपट्टीवरचे जेवण

अंधेरी पश्चिमेचा यारी रोड जिथे संपत येतो आणि वर्सोवा कोळीवाड्यातल्या सुकटीचा वास वाऱ्याबरोबर येऊ लागतो, तिथे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, शिंप्याचे दुकान आणि मोबाइल दुरुस्तीचे दुकान यांच्या मधल्या गाळ्यात, गेल्या दिवाळीनंतर एक लहानशी खाणावळ सुरू झाली आहे. दारावर नावाची पाटी नाही. आत शिरल्यावर डाव्या भिंतीवरचा काळा फळा आणि त्यावर खडूने लिहिलेली सात-आठ नावे, एवढीच तिची ओळख. घाना देशाच्या व्होल्टा प्रांतातील केटा या किनारी जिल्ह्यातले, तिथल्या आन्लो-एवे लोकांचे रोजचे जेवण येथे मिळते, आणि माझ्या पाहण्यात तरी मुंबईत हे जेवण वाढणारी दुसरी जागा नाही. मी येथे पाच वेळा बसून जेवलो आणि दोन वेळा पार्सल मागवले. त्या सात खेपांमध्ये जे आवडले ते आणि जे फसलेले वाटले तेही येथे लिहीत आहे.

हे जेवण मला ओळखीचे आहे ते नोकरीमुळे. २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षे मी घानातील टेमा बंदरावर मालाच्या चढ-उताराचा हिशेब ठेवण्याच्या कामावर होतो, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी केटाचा होता. त्याच्या घरी मी चार वेळा गेलो. अक्राहून पूर्वेला निघाले की सोगाकोपे येथे व्होल्टा नदीवरचा पूल लागतो, तिथे गाडी थांबताच पाव विकणाऱ्या बायका खिडक्यांना गराडा घालतात, आणि पूल ओलांडून काही अंतरावर मुख्य रस्ता सोडून उजवीकडे वळले की जमीन हळूहळू अरुंद होत जाते. शेवटी उरते ती एक वाळूची पट्टी, जिच्या एका अंगाला गिनीच्या आखाताचा खवळलेला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला केटाची खाडी, घानातली सर्वांत मोठी, सुमारे ३०० चौरस किलोमीटरची, संथ आणि उथळ. काही ठिकाणी ही पट्टी इतकी चिंचोळी आहे की समुद्राकडे पाठ करून उभे राहिले तर समोर खाडीतली होडी दिसते. एवे भाषेत ‘के’ म्हणजे वाळू आणि ‘ता’ म्हणजे डोके. केटा म्हणजे वाळूचे टोक. नावात जेवढे आहे तेवढेच गावात आहे.

हे सांगण्याचे कारण असे की या खाणावळीतले जेवण त्या पट्टीवर जे पिकते, जे वाळते आणि जे समुद्र देतो त्यातूनच बनलेले आहे, आणि जिथे ते तसे राहिले आहे तिथे उत्तम आहे. जिथे मुंबईच्या गिऱ्हाइकाला ‘आफ्रिकन’ काहीतरी द्यायचे म्हणून ते पट्टी सोडून पळाले आहे, तिथे पैसे वाया जातात.

खाणावळ चालवणाऱ्या बाई केटाशेजारच्या तेग्बी गावच्या. त्यांचे यजमान अलिबाग तालुक्यातले, जहाजावर इंजिनिअर होते, आणि दोघांची गाठ टेमातच पडली. मी त्यांना पहिल्या भेटीतच वहिनी म्हणू लागलो आणि त्या मला काका म्हणतात. त्यांचे मराठी सासूबाईंकडून शिकलेले असल्यामुळे त्यात ‘निवांत जेवा’, ‘जरा दम धरा’ अशी आगरी वळणाची आर्जवे आहेत, आणि दारात आलेल्या माणसाला मात्र त्या आपल्या भाषेतच ‘वोएझो’ म्हणतात, म्हणजे या, स्वागत आहे. त्याला ‘योऽ’ असे उत्तर द्यायचे असते. मी ते दिले तेव्हा त्या क्षणभर थबकल्या, आणि मग आत जाऊन हात धुण्यासाठी पाण्याचे घमेले घेऊन आल्या. हे घमेले येथे प्रत्येक टेबलावर जेवणाआधी येते. जेवायचे उजव्या हाताने. डावा हात तिथेही आपल्यासारखाच ताटापासून लांब ठेवतात.

आता मुख्य पदार्थाकडे. आक्प्ले हा मक्याच्या पिठाचा आणि कसाव्याचा शिजवलेला गोळा आहे. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. वहिनी तो माटुंग्याच्या केरळी दुकानातून आणतात. उच्चारात ‘क’ आणि ‘प’ हे एकामागून एक येत नाहीत, ते ओठ आणि घसा यांच्यातून एकदम फुटतात. यजमानांना हे लग्नानंतर इतक्या वर्षांनीही जमत नाही, असे वहिनी गिऱ्हाइकांसमोर मोकळेपणाने सांगतात. करण्याची रीत मोदकाची उकड काढणाऱ्यांना चटकन समजेल. उकळत्या पाण्यात पीठ सोडायचे, गुठळी होऊ न देता लाकडी चपट्या काठीने ढवळत राहायचे, आणि पीठ भांड्याच्या कडा सोडू लागले की जोर दुप्पट करायचा. फरक एवढाच की उकडीला मऊपणा हवा असतो आणि आक्प्लेला ताण. मी दुसऱ्या खेपेला परवानगी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो होतो. वहिनी भांड्याचे दोन्ही कान पायांच्या मध्ये घट्ट धरून, स्टुलावर बसून, काठी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढत होत्या; प्रत्येक ओढीला गोळा भांड्याला आपटून एक जड, ओला आवाज होई, आणि साधारण वीस मिनिटांनी तो आवाज बदलून कोरडा झाला तेव्हा त्यांनी हात थांबवला. घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

गोळा पाण्याने ओल्या केलेल्या वाडग्यात फिरवून, गुळगुळीत करून ताटात येतो, आणि सोबत येते फेत्री देत्सी. फेत्री म्हणजे भेंडी, देत्सी म्हणजे रस्सा. येथे मराठी खवय्याला एक सवय बाजूला ठेवावी लागते. भेंडीची तार जावी म्हणून आपण ती पुसून कोरडी करतो, तेलावर परततो, आमसूल नाहीतर ताक घालतो. एवे स्वयंपाकात ती तार हाच पदार्थाचा प्राण आहे. ती वाढावी म्हणून तिथे खनिज खार घालतात आणि वहिनी येथे चिमूटभर पापडखार घालतात. रस्सा हिरवट-तांबूस, तारदार, आणि त्यात मासळी, थोडी कोळंबी, मिरची. आक्प्लेचा तुकडा तोडायचा, अंगठ्याने त्यात खळगा करायचा, रस्सा उचलायचा, मनगट फिरवून तार तोडायची आणि घास फारसा न चावता गिळायचा. माझ्या पत्नीने पहिल्या घासाला तोंड वाकडे केले, तिसऱ्या घासाला काही बोलली नाही, आणि ताट संपल्यावर खारात भिजलेल्या भेंडीच्या बिया दाताखाली कुरकुरत नाहीत याबद्दल वहिनींना प्रश्न विचारू लागली. ताटाची किंमत ३८० रुपये आहे. दोन माणसांना एक ताट पुरत नाही, पण दीड ताट नक्की पुरते, आणि अर्धे ताट मिळत नाही ही माझी तक्रार आहे.

रश्श्यावर तरंगणारे लाल तेल हे पामचे, मसाला घालून कढवलेले. त्याला जोमी म्हणतात. हे तेल केटाच्या वाळूतले नव्हे, आतल्या प्रदेशातून आलेले, आणि त्याच्या बदल्यात केटाकडून आत काय जाई तर सुकी मासळी आणि मीठ. केटाच्या किनाऱ्यावर पाऊस वर्षाकाठी हजार मिलिमीटरलाही पोचत नाही. कोरड्या दिवसांत खाडीचे पाणी आटते आणि तळाशी मिठाचा थर धरतो, तो बायका खरवडून गोळा करतात. भांडुप किंवा वसईची मिठागरे पाहिलेल्या माणसाला ते दृश्य परके वाटणार नाही, फक्त तिथे बरीच वर्षे वाफे आखण्याचे काम सूर्य आणि वारा यांनीच केले. वहिनी जोमी घानाहून येणाऱ्या माणसाबरोबर मागवतात, त्यामुळे महिन्याच्या शेवटी ते संपते आणि रस्सा साध्या तेलात होतो. माझ्या तिसऱ्या खेपेला असेच झाले होते. मला चवीतला फरक लगेच जाणवला, पण बिल मात्र तेवढेच आले. मी ते बोलून दाखवल्यावर यजमानांनी ४० रुपये कमी केले. हे त्यांनी आपण होऊन करायला हवे होते.

या खाणावळीतला माझ्या मते सर्वांत चांगला पदार्थ मात्र आक्प्ले नव्हे, आबोबी तादी आहे. आबोबी ही केटाची लहानशी, चंदेरी मासळी. घानाभर तिला गमतीने ‘केटा स्कूल बॉइज’ म्हणतात आणि ती पोत्यांनी विकली जाते. आपली मांदेली याच कुळातली आहे, त्यामुळे वहिनींना मुंबईत आबोबीसाठी रडावे लागले नाही. वर्सोव्याच्या कोळणींकडून त्या मांदेली घेतात, काही ताजी, काही सुकवलेली. ताज्यांतली निम्मी त्या स्वतः एका पत्र्याच्या डब्यात नारळाच्या सोडणावर धुरी देऊन ठेवतात. मग मातीच्या खडबडीत वाडग्यात, ज्याच्या आतल्या अंगाला खाचा असतात, मिरची, टोमॅटो, आले आणि कांदा लाकडी मुसळीने रगडायचा. ते जाडसर वाटण जोमीत परतायचे आणि शेवटी धुरावलेली मांदेली त्यात सोडायची. काटा, डोके, शेपटी सगळे खायचे. एका वाटीला २६० रुपये ही किंमत मांदेलीच्या भावाच्या मानाने जास्त वाटेल, पण धुरीचे श्रम त्यात आहेत. जवळ्याच्या चटणीवर वाढलेल्या जिभेला हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. तिखट मात्र खरोखर तिखट आहे; ‘मिडियम’ असे काही येथे नसते आणि विचारल्यास वहिनी हसतात.

ही मासळी केटात कशी धरतात ते मी पाहिले आहे. मोठी होडी जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर सोडून समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक लांब कुठेतरी किनाऱ्याला आणते. मग दोन्हीकडे पन्नास-साठ माणसे, पोरेटोरे आणि म्हातारे धरून, दोर ओढू लागतात आणि ओढताना गातात. मालवणची रापण ज्याने पाहिली आहे त्याला यात ‘जाळे’, ‘दोर’ आणि ‘वाटा’ हे तिन्ही शब्द आपोआप सुचतील. तिथे या जाळ्याला ‘येवुदो’ म्हणतात. येवु म्हणजे गोरा माणूस. जाळे युरोपीय लोकांकडून आले, नाव तसेच राहिले. आन्लो मच्छीमार हे जाळे घेऊन पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दूरदूरपर्यंत हंगामी वस्तीला गेले. मासळीचा मोठा हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे पावसाळी बंदी चालू असते किंवा नारळी पौर्णिमेनंतर होड्या नुकत्या सुटलेल्या असतात तेव्हा. म्हणून जून-जुलैत येथे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की आबोबी तादी त्या दोन महिन्यांत सुक्या मांदेलीची मिळते. ती वाईट नसते, पण मीठ चढलेले असते.

कांद्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण यात माझे आणि यजमानांचे एकमत नाही. केटाला लागून पश्चिमेला असलेले आन्लोगा लहान गुलाबी कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. निव्वळ वाळूत, खाडीच्या कडेला, अरुंद उंच वाफे करून, उथळ विहिरींचे पाणी आणि मासळीचे व शेणाचे खत घालून तिथले शेतकरी वर्षातून एकाहून अधिक पिके काढतात. एवढी कष्टाची आणि एवढी नेटकी शेती मी दुसरीकडे क्वचितच पाहिली. यजमान अलिबागचे असल्यामुळे त्यांनी अर्थातच पांढऱ्या कांद्याच्या माळा आणून स्वयंपाकघरात टांगल्या आहेत आणि आलेल्या प्रत्येकाला ते दोन्ही किनाऱ्यांचे नाते समजावून सांगतात. नाते आहे, याबद्दल वाद नाही. पण अलिबागचा कांदा गोड आहे, आणि तादीत तो मिरचीची धार बोथट करतो. हंगाम संपल्यावर वहिनी मद्रासी सांबार कांदा वापरतात तेव्हा चव आन्लोगाच्या कितीतरी जवळ जाते. चौथ्या खेपेला मी हे वहिनींच्या कानावर घातले. “मला माहीत आहे काका,” त्या हळूच म्हणाल्या, “पण माळा सासूबाई पाठवतात.”

केटा आणि आन्लोगा हे आता कागदोपत्री दोन वेगळे जिल्हे आहेत. घानाच्या स्थानिक कारभारात केटाला म्युनिसिपल दर्जा आहे, आणि २०१९ मध्ये त्यातून आन्लोगा हा स्वतंत्र जिल्हा काढण्यात आला. त्याआधीच्या, २०१० च्या जनगणनेत अखंड केटा जिल्ह्याची लोकसंख्या १,४७,६१८ होती. आपल्या अंधेरीच्या एका वॉर्डात याच्या कित्येक पट माणसे राहतात. फळ्यावर मात्र ‘केटा-आन्लोगा जेवण’ असे एकत्रच लिहिले आहे आणि ते बरोबर आहे. ठाण्यातून पालघर वेगळा निघाला म्हणून वसईची सुकेळी काही बदलली नाहीत. आन्लो लोकांचे पारंपरिक प्रमुख, ज्यांना आवोआमेफिया म्हणतात, ते आन्लोगालाच बसतात, आणि दर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दोन्हीकडची माणसे तिथेच होग्बेत्सोत्सोच्या उत्सवाला जमतात.

या उत्सवाचे एक जुने कॅलेंडर गल्ल्याच्या मागे लावलेले आहे, आणि वेळ असेल तर वहिनी त्यावरून गोष्ट सांगतात. आन्लो-एवे लोकांचे पूर्वज आजच्या टोगोमधील नोत्सिए या तटबंदीच्या नगरात राहत होते आणि तिथल्या आगोकोली राजाने त्यांना छळले. तट मातीचा, पण जाड. तेव्हा बायकांनी भांडी-कपडे धुतलेले पाणी रोज तटाच्या एकाच जागी फेकायला सुरुवात केली, जागा भिजून मऊ झाली, आणि एका रात्री ढोलांच्या गजरात ती फोडून सगळे बाहेर पडले. पाठलाग करणाऱ्यांना पावले आत येणारी दिसावीत म्हणून ते उलटे चालत गेले. पश्चिमेला किनाऱ्यापर्यंत आल्यावर वेन्या हा म्हातारा पुढारी म्हणाला की आता मी आखडलो, माझ्याने पुढे चालवत नाही, आणि त्या ‘आखडणे’ अर्थाच्या शब्दावरून आन्लो हे नाव पडले, असे परंपरा सांगते. वहिनी हे सांगताना हात धुतलेले घमेले मोरीत रिकामे करत होत्या, आणि पाणी एकाच जागी पडेल असे त्यांनी मुद्दाम केले की काय कोण जाणे.

कॅलेंडरच्या शेजारी समुद्रात अर्धा कोसळलेल्या किल्ल्याचा फोटो आहे. तो पाहून एका गिऱ्हाइकाने “हा रेवदंड्याचा का?” असे विचारल्याचे यजमान सांगतात, आणि चूक समजण्यासारखी आहे. तो केटाचा प्रिन्झेनस्टाइन किल्ला, डेन्मार्कच्या लोकांनी १७८४ मध्ये बांधलेला. गुलाम म्हणून विकायच्या माणसांना तिथे कोंडून ठेवत, १८५० मध्ये तो इंग्रजांकडे गेला, नंतर तुरुंग झाला, आणि १९८० मध्ये समुद्राने त्याचा मोठा भाग नेला. केवळ किल्लाच नव्हे, जुन्या केटातल्या गल्ल्याच्या गल्ल्या समुद्रात गेल्या. झीज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच चालू होती. १९६५ मध्ये व्होल्टा नदीवर आकोसोंबोचे धरण पुरे झाले आणि किनाऱ्याला मिळणारी नदीची वाळू वर अडू लागल्यावर नुकसान भरून निघण्याची वाटही आखडली. २००४ मध्ये केटापुढे दगडी बंधारे पुरे झाले आणि खाडीत भर घालून घरांसाठी जमीन काढली गेली. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये उधाणाने या किनाऱ्यावरची अनेक घरे पाण्यात गेली आणि हजारो माणसे बेघर झाली. माझ्या सहकाऱ्याचे घर बंधाऱ्याच्या आतल्या बाजूला असल्याने वाचले, एवढे त्याने मला फोनवर सांगितले होते.

गोड किंवा मधल्या वेळच्या पदार्थांत आबोलो घ्यावे. मक्याचे किंचित आंबवलेले पीठ पानात गुंडाळून वाफवतात. चव सौम्य, गोडसर, आपल्या पानगीच्या आणि सांदणाच्या मधली. दोन आबोलो ८० रुपयांना मिळतात आणि तादीबरोबर ती फार चांगली लागतात. आग्बेली काक्लो म्हणजे किसलेल्या कसाव्याचे तळलेले वडे. त्याच्याबरोबर ओल्या नारळाचे तुकडे खायचे असतात आणि येथे तसे ते वाढले जातात. केटाच्या पट्टीवर एके काळी माडांची दाट रांग होती, पण १९३२ मध्ये तिथल्या वोए गावाजवळ माड मारणारा एक रोग दिसला आणि पुढे त्याने बागाच्या बागा संपवल्या. जवळच्या भूशिरावरून त्या रोगाला ‘केप सेंट पॉल विल्ट’ असेच नाव पडले. वडे कुरकुरीत असले तरी माझ्या पाच खेपांपैकी दोनदा ते सकाळी तळून दुपारी पुन्हा तळलेले होते. असा वडा दाताला लागल्याबरोबर कळतो.

आता जे घेऊ नये ते. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, वेगळ्या अक्षरात, ‘जोलोफ राइस’, ‘शेझवान जोलोफ’ आणि ‘पनीर देत्सी’ असे तीन पदार्थ आहेत. हे अक्षर यजमानांचे. जोलोफ म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेला भात; तो घानात सर्वत्र खाल्ला जातो आणि तो चांगला करता येतो, पण येथे तो कालच्या भातावर टोमॅटोचा रस्सा ओतल्यासारखा लागला. शेझवान जोलोफबद्दल मी काही लिहीत नाही. पनीर देत्सीत पनीरचे चौकोन भेंडीच्या तारेत लोंबत होते आणि शेजारच्या टेबलावरच्या तरुण जोडप्याने ते तसेच सोडले. मला वाईट याचे वाटले की ती दोघे ‘आफ्रिकन जेवण आपल्याला झेपत नाही’ असे म्हणत बाहेर पडली. शाकाहारी माणसाला येथे द्यायचेच असेल तर घेवड्याच्या बियांची उसळ जोमीत करून देता येईल, तशी ती केटाच्या घरांत मी खाल्ली आहे. मी हे सुचवले आहे.

पार्सल मागवू नये. दोन्ही वेळा आक्प्ले थंड होऊन त्यावर जाड साय धरली होती, आणि पहिल्या वेळी रश्श्याचा डबा वाटेत सांडून पिशवीतच अर्धा उरला होता. पोचवणाऱ्या कंपनीने चार दिवस निरोपांची देवाणघेवाण करून शेवटी पैसे दिले. आक्प्ले कढईतून उतरल्यापासून अर्ध्या तासात खाल्ले तरच खरे. बसून जेवताना मात्र वेळ हाताशी ठेवावा. चारच टेबले आहेत, एकच स्वयंपाकीण आहे, आणि रविवारी दुपारी मला ताट समोर यायला पन्नास मिनिटे लागली. पंखा एकच आहे आणि तो गल्ल्याकडे तोंड करून आहे.

खाणावळ गुरुवार ते रविवार, दुपारी साडेबारा ते साडेतीन आणि रात्री साडेसात ते दहा उघडी असते. आक्प्ले हवे असेल तर आदल्या दिवशी सांगावे लागते, कारण पीठ रात्रभर भिजवून ठेवतात. हात पुसायला कागद मिळतो, टॉवेल मिळत नाही. केटाच्या बाजारातून आणलेले हातमागाचे कापड टेबलांवर आहे, चार-चार बोटे रुंदीच्या पट्ट्या विणून मग एकमेकींना शिवलेले. त्यावर रस्सा सांडू नये म्हणून वर पारदर्शक प्लास्टिक घातले आहे, आणि कोपरे चिकट असतात.

पाचव्या खेपेला निघताना मी आठवड्याच्या दिवसांवरून ठेवलेल्या नावांचा विषय काढला. एवे घरांत मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्याला मिळते; मंगळवारची मुलगी आब्ला, शुक्रवारचा मुलगा कोफी. आमच्या गावीही सोम्या, मंगळ्या, बुध्या होतेच, असे मी म्हणालो, तेव्हा यजमानांनी आपल्या आजोबांचे नाव शनवाऱ्या होते हे मला पहिल्यांदाच सांगितले, आणि वहिनींनाही ते पहिल्यांदाच कळले असावे, कारण त्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन “मग मला इतकी वर्षे का नाही सांगितलं?” असे विचारू लागल्या. मी पैसे देऊन बाहेर पडलो तेव्हा ते चालूच होते. येत्या शनिवारी मी याकायाके सांगून ठेवले आहे, म्हणजे कसाव्याचा किस वाफवून केलेला मऊ, दाणेदार प्रकार, जो फळ्यावर नाही आणि ओळखीच्यांनाच करून मिळतो. त्यासाठी घरचा मोठा स्टीलचा डबा घेऊन या, वहिनींनी बजावले आहे, प्लास्टिकच्या डब्यात त्याला पाणी सुटते.